उत्तर झाकून ठेवा: ग्रँडमास्टरांचे टिपणांसह डाव कसे अभ्यासावेत

न्यू यॉर्क, मार्च १९२४. अकरा खेळाडूंची बुद्धिबळ स्पर्धा चालू आहे, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. क्युबाचा होजे राउल कापाब्लांका तेव्हा जगज्जेता. आठ वर्षं तो एकही डाव हरला नव्हता, पण या स्पर्धेत रिचर्ड रेटीने त्याला हरवलं. पुढच्याच फेरीत त्याच्यासमोर साव्हिएली टार्टाकोव्हर होता. त्या डावात दोन्ही बाजूंच्या चौतीस चाली झाल्यावर पटावर एवढंच उरलं होतं (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा त्याच्या बाजूने १ ते ८):

पांढरा (कापाब्लांका): राजा एफ-३, हत्ती एच-७, प्यादी ए-४, सी-३, डी-४, एफ-४ आणि जी-५.

काळा (टार्टाकोव्हर): राजा एफ-८, हत्ती सी-६, प्यादी ए-७, बी-६, सी-७, डी-५ आणि एफ-५.

चाल पांढऱ्याची. घरात पट असेल तर ही स्थिती खरोखर मांडा, नसेल तर मोबाइलवर मांडा, आणि पुढचा परिच्छेद वाचण्याआधी पाच मिनिटं द्या. काय खेळाल आणि का, हे एका ओळीत लिहून काढा. या लेखात मला जे सांगायचं आहे, त्याचा निम्मा भाग या पाच मिनिटांतच आहे.

आपल्यासारखे खेळाडू अशी स्थिती पाहिली की आधी प्यादी मोजतात. दोघांची पाच-पाच, म्हणजे हिशोब सारखा. मग नजर धोक्यावर जाते. काळ्याचा हत्ती सी-३ चं प्यादं मारणार, तेही शह देऊन. ते वाचवायचं कसं? वाचत नसेल तर बदल्यात काय उचलता येईल? कापाब्लांका खेळला राजा जी-३. सी-३ कडे त्याने पाहिलंही नाही. काळ्याने शह देत ते प्यादं मारलं, राजा एच-४ वर गेला. काळ्याचा हत्ती एफ-३ वर आला. आता एफ-४ चं प्यादंही पडणार, तेही शह देऊनच. पांढऱ्याने त्याच्याकडेही दुर्लक्ष केलं आणि जी-५ चं प्यादं जी-६ वर सरकवलं. काळ्याने एफ-४ मारून शह दिला, राजा जी-५ वर गेला. एका चालीनंतर तो एफ-६ वर होता. पांढऱ्याची दोन प्यादी गेली, आणि डाव पांढऱ्याच्या खिशात होता.

या स्पर्धेच्या पुस्तकाची टिपणं, म्हणजे चालींवरचं भाष्य, अलेक्झांडर अलेखाइनने लिहिली. तो स्वतः त्या स्पर्धेत तिसरा आला होता आणि तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यानेच कापाब्लांकाकडून जगज्जेतेपद घेतलं. राजा जी-३ या चालीवरचं त्याचं टिपण अगदी थोडक्यात आहे. मथितार्थ असा: ही चाल निर्णायक आहे, पांढरा प्यादी देतो ती राजा एफ-६, प्यादं जी-६ आणि हत्ती एच-७ ही मांडणी मिळवण्यासाठी, आणि ती मिळाली की काळ्याची प्यादी आपोआप पडत जातात.

तीन मोहरी, तीन घरं. टिपणात चालींची लांबलचक साखळी नाही, संभाव्य उत्तरांची यादी नाही. तरीही ज्याने आधी पाच मिनिटं डोकं खाजवलं आहे, त्याला हे एक वाक्य वर्षानुवर्षं पुरतं. कारण त्याच्या मनात प्रश्न तयार होता: दोन प्यादी शह देऊन जात असताना हा माणूस राजाला पुढे का नेतोय? टिपण त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि ज्याने सरळ चाली वाचत टिपण वाचलं, त्याला ते ‘छान आहे’ वाटतं आणि पान उलटलं की विरून जातं. टिपणांसह डावांची जाडजूड पुस्तकं संपवूनही ज्यांचं रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) जागचं हलत नाही, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडत असतं. उत्तरं भरपूर वाचली, प्रश्न स्वतःला एकही पडू दिला नाही.

खुणा आणि शब्द

टिपणांची भाषा आधी उरकून घेऊ. चालीपुढे ! म्हणजे चांगली चाल, !! म्हणजे असामान्य. ? म्हणजे चूक, ?? म्हणजे घोडचूक. !? ही खूण विचार करण्याजोग्या, धाडसी चालीसाठी आणि ?! शंकास्पद चालीसाठी. पांढरा सरस, काळा सरस, बरोबरी, स्थिती अस्पष्ट, यांसाठीही चिन्हं आहेत. बेलग्रेडहून १९६६ पासून निघू लागलेल्या ‘इन्फॉर्मेटर’ या डावांच्या संग्रहमालिकेने ही चिन्हांची पद्धत जगभर पोचवली. एका शब्दाचीही गरज नाही, त्यामुळे कोणत्याही भाषेच्या खेळाडूला ती वाचता येते. व्यावसायिक खेळाडूंना ही फार मोठी सोय झाली.

शिकणाऱ्याला मात्र या चिन्हांचा उपयोग मर्यादित आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. राजा जी-३ पुढे उद्गारचिन्ह पाहून तुम्हाला एवढंच कळतं की कुणाला तरी ही चाल आवडली. का आवडली ते शब्दांतच येतं. म्हणून आपल्या पातळीच्या खेळाडूने शब्द जास्त आणि चालींच्या साखळ्या कमी असलेली टिपणं निवडावीत. नवशिक्यांसाठी तर प्रत्येक चालीवर, अगदी पहिल्या चालीवरसुद्धा, दोन वाक्यं लिहिलेले संग्रह मिळतात. ते बाळबोध वाटतात, पण सुरुवातीला तेच घ्यावेत.

टिपण कुणी लिहिलंय तेही पाहावं. खेळणाऱ्याने स्वतः लिहिलेलं टिपण आणि तिसऱ्याने लिहिलेलं टिपण यांत मोठा फरक असतो. खेळाडूला ठाऊक असतं की अमुक क्षणी त्याला कशाची भीती वाटत होती, कोणती चाल त्याला दिसलीच नव्हती. बॉबी फिशरने १९६९ मध्ये आपले साठ डाव टिपणांसह प्रसिद्ध केले, त्यात बरोबरीत सुटलेले आणि हरलेले डावही घेतले. इतका मोठा खेळाडू आपलं कुठे चुकलं ते चाल-चाल करून दाखवतो, तेव्हा वाचणाऱ्याला जिंकलेल्या डावांइतकंच हाती लागतं.

पट, कागद आणि एक पुठ्ठा

आता प्रत्यक्ष पद्धत. डाव पहिल्यांदा टिपणं न वाचता, थोडा भरभर खेळून पाहा. दहा मिनिटं पुरे. हेतू एवढाच की डावाचा आकार कळावा: कुणी हल्ला केला, वजिरांची मारामारी कधी झाली, एंडगेम, म्हणजे मोजकी मोहरी उरलेला शेवटचा टप्पा, लागला का. कापाब्लांकाच्या या डावात अशा पहिल्या भरभर फेरीतच एक गोष्ट लक्षात येते. पंचविसाव्या चालीला तो स्वतःहून वजिरावजिरी करतो, लगेच एक-एक हत्तीही पटावरून जातो, आणि सत्ताविसाव्या चालीला तो प्यादं एच-५ वर ढकलतो. म्हणजे त्याला साधा, रिकामा पट हवा होता, आणि हत्तीसाठी एच ही उभी रांग मोकळी करायची होती. तिसाव्या चालीला त्याचा हत्ती एच-७ वर जाऊन बसतो. डावातल्या शेवटच्या चमत्काराची तयारी इथून चालू आहे, हे नंतर टिपण वाचताना फार उपयोगी पडतं.

मग दुसरी फेरी, खरी फेरी. जिंकणाऱ्याची बाजू घ्या. पुस्तकावर पुठ्ठा ठेवून पुढच्या चाली झाका; संगणकावर असेल तर चालींची यादी बंद करा. सुरुवातीच्या आठ-दहा चाली सोडून द्या, त्यानंतर प्रत्येक चालीआधी थांबा, चाल ठरवा आणि कारण लिहा. लिहायचंच, कारण मनातल्या मनात ठरवलेली चाल नंतर सोयीने बदलते: ‘अरे, मलाही हेच वाटलं होतं’. कागदावर लिहिलेलं बदलत नाही. साध्या चालीला अर्धं मिनिट, अवघड वाटेल तिथे पाच ते दहा मिनिटं. मग चाल उघडा आणि शेवटी टिपण वाचा.

तुमची चाल जुळली की नाही, यापेक्षा कारण जुळलं का ते पाहा. चाल जुळली आणि कारण वेगळं निघालं, तर तिथे थांबायला हवं. समजा तुम्हीही राजा जी-३ लिहिलं, पण कारण लिहिलं की ‘राजाला शहापासून दूर न्यायचं’. चाल बरोबर आहे, समज चुकलेली आहे. उलट तुम्ही वेगळी चाल लिहिली, पण ‘राजा एफ-६ वर पोचला पाहिजे’ असं कारण दिलं असेल, तर तुम्ही कापाब्लांकाच्या फार जवळ आलात.

टिपणातल्या पर्यायी चालींचं काय करायचं? जुने खेळाडू दोन पट मांडून बसायचे: मोठ्या पटावर डाव, शेजारी लहान पटावर पर्याय. म्हणजे पर्याय तपासताना मुख्य स्थिती मोडत नाही. ही सवय आजही चांगली आहे. पण लहान पटाला हात लावण्याआधी पर्यायाच्या तीन-चार चाली डोळे मिटून पाहायचा प्रयत्न करा. एक उदाहरण याच डावातलं. राजा एच-४ वर आल्यानंतर काळ्याने हत्ती सी-१ वर नेऊन मागून शह द्यायची तयारी केली असती तर? उत्तर असं: राजा एच-५, मग काळा हत्ती एच-१ वरून शह देतो, राजा जी-६. आता काळ्याने एच-७ चा हत्ती मारला की पांढरा राजा तो हत्ती परत मारतो. दोन्ही हत्ती गेले. उरलं काय? पांढऱ्याचं जी-५ चं प्यादं आणि त्याच्या पुढच्या वाटेवर पहारा देणारा स्वतःचा राजा. काळ्याचा राजा एफ-८ वर आहे, तरी त्या प्याद्याला अडवू शकत नाही. ते धावत जाऊन वजीर होतं. हे डोळे मिटून दिसलं, तर हिशोब करायची ताकद वाढते. हात लावून पाहिलं, तर फक्त माहिती मिळते.

आणि एकोणचाळिसावी चाल. राजा जी-५ वर, काळ्याचा हत्ती ई-४ वर, शेजारी एफ-५ चं काळं प्यादं फुकट मिळतंय. दोन प्यादी गमावलेला माणूस ते झटकन उचलेल. कापाब्लांका ते सोडून राजा एफ-६ वर नेतो. तिथून हत्ती एच-८ वर गेला की थेट मात, म्हणून काळ्याला धावपळ करावी लागते. शिवाय ते एफ-५ चं काळं प्यादं आता पांढऱ्या राजाच्या पाठीशी उभं आहे, त्यामुळे काळ्याच्या हत्तीला एफ या उभ्या रांगेतून खालून शह देता येत नाही. शत्रूचं प्यादं ढाल म्हणून वापरायचं! ही कल्पना एकदा अशी भिडली की पुढे दहा हत्ती-एंडगेममध्ये ती आपणहून आठवते.

अशा एका डावाला एक तास सहज लागतो, कधी दोनही. एका बैठकीत एकच डाव. आठवड्यात दोन झाले तरी भरपूर.

ही पद्धत का उपयोगी पडते

बलवान खेळाडूची स्मरणशक्ती अचाट असते, असा आपला समज असतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी, डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ख्रोट यांच्या आधीच्या कामावरून पुढे जात, एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवायची आणि नंतर पटावर मांडायला सांगायची. मातब्बर खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडली. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, आणि मातब्बराचा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे तो एकेक मोहरं लक्षात ठेवत नव्हता. त्याला ओळखीचे गट दिसत होते: किल्लेकोट केलेल्या राजापुढची तीन प्यादी, सातव्या रांगेतला हत्ती, एकमेकांना अडवून बसलेल्या प्याद्यांची साखळी.

असे गट खऱ्या डावांतूनच गोळा होतात. कोडी सोडवूनही काही होतात, आणि कोडी सोडवावीतच. पण कोड्यात तुम्हाला आधीच माहीत असतं की इथे काहीतरी आहे. खऱ्या डावात कुणी घंटा वाजवत नाही. त्यातही कोड्यात ती स्थिती आली कुठून हे दिसत नाही. पूर्ण डावात दिसतं की एच-७ वरचा हत्ती तिथे पोचावा म्हणून कुणीतरी आधी वजीर बदलला होता.

संगणक असताना या जुन्या टिपणांची गरज काय, हा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो. मोबाइलवरचं फुकट इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रामसुद्धा, कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे, हे खरंच आहे. ते तुम्हाला सांगेल की एक चाल अर्ध्या प्याद्याने सरस आहे. पण ‘राजा एफ-६, प्यादं जी-६, हत्ती एच-७’ हे वाक्य ते सांगत नाही. आकडा एका स्थितीपुरता असतो आणि त्या स्थितीबरोबर संपतो. वाक्य पुढच्या डावात बरोबर येतं. पटासमोर बसलेल्या माणसाला कल्पनाच हाताशी धरून खेळावं लागतं, कारण सेकंदाला लाखो स्थिती तपासणं त्याला शक्य नाही. म्हणून इंजिन जरूर वापरा, पण सगळ्यात शेवटी. तुमचा अंदाज झाला, टिपण वाचून झालं, तरीही ‘पण मी असं खेळलो असतो तर?’ ही शंका उरली, की मग इंजिन उघडा. आधी उघडलंत तर पुठ्ठा काढून टाकल्यासारखंच झालं.

इंजिनाचा एक उपयोग मात्र मोठा आहे: टिपणकाराची तपासणी. जुन्या टिपणांत चुका आहेत, आणि थोर नावांच्या टिपणांतही आहेत. गॅरी कास्पारोव्हने २००३ पासून आधीच्या जगज्जेत्यांच्या डावांवर मोठी ग्रंथमालिका लिहिली, तीही संगणकाच्या मदतीने. तरी जगभरच्या वाचकांनी आपापली इंजिनं लावून तिच्यातल्या विश्लेषणातल्या चुका शोधल्या. हिशोबाची चूक निदान सापडते तरी. त्याहून फसवा दोष म्हणजे निकाल पाहून लिहिलेलं टिपण. पांढरा जिंकला, हे टिपणकाराला ठाऊक असतं. मग पांढऱ्याची प्रत्येक चाल एका थोर योजनेचा भाग होते आणि काळ्याची प्रत्येक चाल पराभवाकडे जाणारी पायरी. प्रत्यक्षात मधे कुठेतरी डाव बरोबरीत होता, कदाचित काळाच सरस होता, आणि एका चुकीने सगळं फिरलं. म्हणून प्रत्येक डाव संपवल्यावर हरलेल्याच्या खुर्चीत बसून एकदा विचारावं: नेमकं कुठे बिघडलं? इथे मी काय वेगळं केलं असतं? टिपणात या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर ते टिपण अपुरं आहे असं बेधडक समजावं.

कोणते डाव घ्यायचे? माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. आजच्या अव्वल ग्रँडमास्टरांचे डाव सुरुवातीला टाळावेत. त्यांत दोघेही एकमेकांच्या योजना जन्मायच्या आतच मोडतात, त्यामुळे खरी लढत न खेळलेल्या चालींत लपलेली असते. ती वाचायला बरीच तयारी लागते. पॉल मॉर्फी, अकिबा रुबिनस्टाइन, कापाब्लांका यांच्या काळात एक बाजू आपली कल्पना शेवटपर्यंत नेऊ शकायची, म्हणून ती कल्पना पूर्ण दिसते. पंधराशे रेटिंगपर्यंतच्या खेळाडूला एवढं पुष्कळ आहे. त्यानंतर अलीकडच्या खेळाडूंकडे यावं, आणि शक्यतो आपण खेळतो त्याच ओपनिंगचे, म्हणजे त्याच सुरुवातीच्या चालींचे, डाव निवडावेत.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. स्वतःच्या डावांवर टिपणं लिहा. मिखाइल बोटविनिक हा जगज्जेता खेळाडूंना नेमकं हेच सांगायचा: आपल्या डावांचं विश्लेषण करा आणि ते प्रसिद्ध करा, म्हणजे लोक त्यातल्या चुका दाखवतील. तुम्हाला प्रसिद्ध करायची गरज नाही. स्पर्धेतला डाव घरी आल्यावर त्याच दिवशी घ्या, इंजिन न लावता, आणि प्रत्येक महत्त्वाच्या चालीपुढे तेव्हा मनात काय चाललं होतं ते लिहा. ‘इथे घाबरलो.’ ‘इथे वेळ कमी होता.’ ‘हा उंट बदलायला नको होता असं वाटत होतं तरी बदलला.’ मग कोच किंवा क्लबातला बलवान खेळाडू यांना दाखवा, आणि त्यानंतरच संगणकाला. असे काही डाव लिहून झाले की ग्रँडमास्टरांची टिपणं वाचण्याची दृष्टीच बदलते, कारण आता तुम्हाला ठाऊक असतं की एक प्रामाणिक वाक्य लिहायला किती विचार लागतो.

जाता जाता एक काम. कापाब्लांकाच्या डावात एकोणचाळिसाव्या चालीला राजाने एफ-५ चं प्यादं सोडलं, हे आपण पाहिलं. पुढे काळ्याचा राजा जी-८ वर गेला, पांढऱ्याने हत्ती जी-७ वर नेऊन शह दिला, काळा राजा एच-८ मध्ये गेला, पांढऱ्याच्या हत्तीने सी-७ मारलं आणि काळ्याचा हत्ती ई-८ वर परतला. आता बेचाळिसाव्या चालीला कापाब्लांका तेच एफ-५ चं प्यादं निवांत मारतो. आधी नाही आणि आता हो, असं का? दोन्ही वेळेला काळ्याचा हत्ती कुठे होता आणि तिथे तो का गेला, तिथून सुरुवात करा. लिहून झाल्याशिवाय इंजिन उघडू नका.